चिंगीचा हात

सातारा, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

वहिनींचा फोन आला. चिंगी झोपाळ्यावरून पडली, कोपराच्या जरा वर हाड मोडलं, काल ऑपरेशन करून दोन तारा घातल्या, एवढं कळलं. पण तारा निघाल्यावर काकू तिचा हात हाडवैद्याकडून चोळून घेणार, हे ऐकलं आणि झोप उडाली. तेवढं होऊ देऊ नकोस. हात जोडून सांगतो.

माझा डावा हात तू तिसरीपासून बघतोयस. मनगट आत वाकवल्याशिवाय बोटं उघडत नाहीत. चिंचेवरून पडलो तेव्हा खाली तूच होतास, पण पुढची रात्र तू पाहिली नाहीस. कामट्या लावून पट्टी करकचून बांधली होती. मी रात्रभर ओरडत होतो आणि 'हाड मोडलंय, दुखणारच' म्हणून सगळे समजूत घालत होते. सकाळी बोटं सुजलेली, गार, काळीनिळी. पट्टी सुटली संध्याकाळी.

कोपराच्या वर दंडाचं हाड पुढून-मागून खोलगट असतं, मध्ये अगदी पातळ. पडताना पोरं तळहात टेकतात आणि नेमकं तिथे मोडतं. पाच ते सात वर्षांच्या मुलांत जास्तच. तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नस खाली जाते. कोपराखालचे स्नायू घट्ट आवरणात असतात. आतून सूज, बाहेरून पट्टी, मग रक्त पोचत नाही. काही तासांत स्नायू मरतो आणि पुढे आखडतो. फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ सालीच घट्ट बँडेजचा हा परिणाम लिहून ठेवला होता. आमच्या गावापर्यंत तो पोचला नव्हता.

म्हणून आज-उद्या चिंगीजवळ बस. तिचं बोट हलकेच सरळ करून बघ. जीवघेणी कळ आली, औषधानेही दुखणं वाढतच राहिलं, तर मध्यरात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठ. नाडी लागतेय म्हणून थांबू नकोस, नाडी असतानाही हे होतं. अंगठा नि तर्जनी जुळवून गोल करायला सांग. जमला नाही तर डॉक्टरांना लगेच दाखव.

तारा तीन-चार आठवड्यांनी निघतील. कोपर ताठलेलं असेल, घाबरू नका. चोळलं, ओढलं तर कधीकधी स्नायूतच हाड धरतं. तिला खेळू दे, आपल्या हाताने जेवू दे, वेणीला हात नेऊ दे. कोपर हळूहळू सुटतं.

काकूंशी वाद घालू नकोस. येत्या रविवारी मी येतो. माझा हात त्यांच्या हातात देईन. त्यांनीच बोटं उघडून बघावीत.

तुझाच