दडे बसले की तेल? आधी कानात बघा तरी!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कानाच्या दड्यांवरचा लेख वाचला. हेतू चांगला असेल, त्याबद्दल वाद नाही. पण ‘कोमट तेलाचे दोन थेंब घाला आणि आठवडाभर धीर धरा’ हे छापण्याआधी एखाद्या कान-नाक-घसावाल्याला फोन तरी करायचा होता. सोबतच्या चित्राने तर कहरच केला. त्यातली मुलगी हसतहसत कापसाची काडी कानात घालते आहे! मळ कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागातच तयार होतो आणि कातडीबरोबर आपोआप बाहेर सरकतो. काडी त्याला उलट पडद्याकडे ढकलून ठासून बसवते.

खरा आक्षेप त्या ‘आठवडाभर’ला आहे. रात्री झोपताना ठीक आणि सकाळी एका कानाने ऐकू येत नाही, असा माणूसही डॉक्टरांना ‘दडे बसलेत’ एवढेच सांगतो. ऐकण्याची नस अचानक निकामी झालेली असू शकते. अशा वेळी कानात मळ नसतो, पडदा स्वच्छ दिसतो आणि म्हणूनच ‘काही नाही, सर्दी आहे’ म्हणून रुग्ण घरी जातो. स्टिरॉइडचा उपयोग व्हायचा तर ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागते. त्यातला एक आठवडा आपल्या लेखाने तेलात घालवला.

मळ की नस, हे ओळखायला ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) पुरतो. तो टेबलावर न आपटता कोपरावर किंवा गुडघ्यावर मारावा, दांडी कपाळाच्या मधोमध टेकवावी आणि आवाज कुठल्या कानात मोठा येतो ते विचारावे. मळ किंवा पडद्यामागे पाणी असेल, तर बंद कानात मोठा येतो. नसेचा दोष असेल, तर चांगल्या कानात. नादकाटा नसेल तर रुग्णाला तोंड मिटून हुंकार भरायला सांगा, अंदाज येतो. चांगल्या कानात मोठा म्हणाला, तर त्याच दिवशी ऑडिओमेट्रीला, म्हणजे यंत्रावरच्या श्रवण तपासणीला, पाठवावे.

तेलाला जागाच नाही असे नाही. कानात किडा वळवळत असेल तर आधी तेलाने तो मारावा, मग काढावा. पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर घट्ट मळ मऊ करायला तीन ते पाच दिवस थेंब घालावेत. पण वाहत्या कानात, पडद्याला भोक असताना तेल नको. पावसाळ्यात कोकणात कानाची बुरशी सर्रास. ती आत ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी दिसते, वर काळे ठिपके (उपमा वैद्यकाच्या पुस्तकातली आहे, टोमणा समजू नये). तिच्यावर अँटिबायोटिक-स्टिरॉइडचे थेंब घातले की ती आणखी फोफावते. ती साफ करून क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक घालावे लागते.

पिचकारीने कान धुण्याबद्दल लेखात एकच वाक्य, आणि पाणी किती गरम हवे याचा पत्ता नाही. ते ३७ अंशाचे, म्हणजे अंगाएवढेच कोमट हवे. थंड किंवा गरम पाणी गेले की खुर्चीतच चक्कर येते. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढावा, धार पडद्यावर न मारता नळीच्या मागच्या-वरच्या भिंतीवर सोडावी. आधी कधी कान फुटला होता का, हे विचारल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नये. पोराने कानात चणा घातला असेल तर पाणी मुळीच नको, तो फुगून बसतो. घड्याळाचा बटण सेल असेल तर ना पाणी, ना थेंब. काही तासांत भाजते, सरळ रुग्णालय गाठावे.

हे सगळे आत बघितल्यावर कळते, आणि बघायला ऑटोस्कोप (कानात बघायची दिव्याची दुर्बीण) चालू स्थितीत लागतो. कितीतरी ठिकाणी त्याचे सेल उतरलेले असतात. त्या पिवळट उजेडात निरोगी पडदाही मळकट दिसतो आणि अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहिली जाते.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या खालीच ‘तपासणीशिवाय, घरपोच’ कानाच्या यंत्राची पाव पानाची जाहिरात होती. ऑडिओमेट्री न करता लावलेले यंत्र कपाटात जाते, हे जाहिरात विभागाला कोणी सांगावे? शुद्धिपत्र छापणार असाल, तर काडीवाले ते चित्र तेवढे पुन्हा वापरू नका.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर, जिल्हा रत्नागिरी