इस्तंबूलमधील मशिदींच्या भेटीबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शुक्रवारी आपण इस्तंबूलमधील सुलतान अहमद मशीद आणि ऑटोमन वास्तुशिल्पी मिमार सिनान यांनी उभारलेली, 1557 साली पूर्ण झालेली सुलेमानिये मशीद पाहणार आहोत. शुक्रवारच्या दुपारच्या सामूहिक नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून सर्वांनी दुपारी अडीच वाजता हॉटेलच्या स्वागतकक्षात जमावे.

या दोन्ही वास्तू प्रेक्षणीय असल्या तरी तेथे आजही रोज पाच वेळा नमाज होतो, हे कृपया मनात असू द्यावे. आपल्याकडे देवळात जाताना जो संकोच आपोआप येतो, तोच येथेही हवा.

- महिलांनी डोके झाकण्यासाठी ओढणी सोबत ठेवावी. खांदे, दंड व गुडघे सर्वांचेच झाकलेले असावेत.
- गालिच्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी पादत्राणे काढावीत आणि ती पिशवीत घालून हातात ठेवावीत.
- नमाज पढणाऱ्या व्यक्तीच्या समोरून जाऊ नये, तिचे छायाचित्र तर मुळीच घेऊ नये.
- नमाजासाठी राखलेल्या भागात शिरू नये. भेटीदरम्यान अजान झाल्यास सेवकांच्या सांगण्यानुसार शांतपणे बाहेर यावे.

बाजारात दुकानदाराने चहा पुढे केला, तर तो घेतल्याने खरेदीचे बंधन येत नाही. तो पाहुणचार आहे आणि वेळ असल्यास आनंदाने स्वीकारावा. परक्या स्त्रीशी हस्तांदोलन मात्र तिने हात पुढे केल्यासच करावे.

ज्यांच्याकडे ओढणी नाही त्यांनी गुरुवारी संध्याकाळपर्यंत सहलप्रमुखांना सांगावे.