तक्त्यातले आठ गुण

सातपूर, नाशिक

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या बाजा टीमची, त्या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेची, एक्सेल शीट मिळाली. फोनवर तू इतकी तणतणत होतीस की तेव्हा गप्प बसलो. आणि आकडे समोर असल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थही नसतो.

मागच्या सस्पेन्शनचे, म्हणजे मागची चाकं गाडीला जोडायचे, तीन कन्सेप्ट; प्रत्येक निकषावरचे एक ते पाच गुण त्याच्या वेटेजनं गुणून केलेली बेरीज. डबल विशबोन (एकावर एक दोन आडवे आर्म) ३७२, तुझा ट्रेलिंग आर्म (पुढून मागे चाकापर्यंत जाणारा) ३६४, सेमी-ट्रेलिंग (तसाच, पण तिरपा) बराच मागे. कॅप्टननं बेरीज दाखवली आणि विषय मिटवला. तू म्हणतेस, त्यानं वेटेज आपल्या सोयीनं लावलं. लावलं असेल, नसेलही. पण ५०० पैकी आठ गुणांचा फरक, तोही तुम्हीच अंदाजानं दिलेल्या एक ते पाच आकड्यांवर! आमच्या टूलरूममध्ये कुणी असं सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, मोजलं कशानं?

मी एकच खेळ करून पाहिला. 'वजन' या निकषाला वेटेज २० आणि 'दुरुस्तीची सोय' याला ५ आहे. वजनाचे पाच काढून दुरुस्तीला दिले. वजनात विशबोनला ४ आणि तुझ्या आर्मला ३, दुरुस्तीत विशबोनला २ आणि तुझ्या आर्मला ४. झालं, निकाल फिरला: विशबोन ३६२, ट्रेलिंग आर्म ३६९. आता हे लगेच ग्रुपवर टाकू नकोस. यातून तुझा कन्सेप्ट सरस ठरत नाही. ठरतं एवढंच, की या दोघांतला निवाडा करणं या तक्त्याच्या आवाक्यात नाही. तिसरा मागे पडला, हे मात्र तो खात्रीनं सांगतोय, कारण वेटेज थोडंफार हलवलं तरी तो मागेच राहतो. तेवढं काम त्यानं चोख केलं.

वेटेजवर भांडायचंच असेल तर रूलबुक उघडून भांडा. सगळ्यात जास्त गुण एंड्युरन्सला, म्हणजे चार तासांच्या सलग शर्यतीला आहेत. तिथं आर्म वाकला की पिटमध्ये तो किती मिनिटांत बदलता येतो, यावर लॅप्स ठरतात. मग दुरुस्तीला फक्त ५ का, हा प्रश्न तू शांतपणे विचारू शकतेस. आणि 'वजन', 'अनस्प्रंग वजन', 'अ‍ॅक्सिलरेशन' अशा तीन वेगळ्या ओळी कशाला? हलकेपणाचं एकच बक्षीस तीनदा वाटलंय तुम्ही. अनस्प्रंग वजनाचा, म्हणजे स्प्रिंगवर न तोललेल्या चाकाकडच्या भागांच्या वजनाचा, चाक जमिनीला धरून राहण्याशी संबंध आहे, ती ओळ वेगळी ठेवा; उरलेल्या दोन एक करा. 'दिसायला छान' ही ओळ कुणी घातली ते विचारत नाही.

शेवटच्या ओळीला 'रुंदी १६२ सें.मी.च्या आत' असं लिहून त्यालाही गुण दिलेत. त्याला गुण कसले द्यायचे? बसलं तर आत, नाही तर बाहेर. दिंडोरीच्या मामानं बागेसाठी ट्रॅक्टर घेतला तेव्हा शोरूमवाला एचपी आणि मायलेज सांगत होता. मामानं आधी टेप काढून ट्रॅक्टरची रुंदी मोजली. द्राक्षाच्या दोन ओळींत पानं-घड न झोडपता जे शिरत नाही, त्याचं मायलेज ऐकून काय करायचं? नियमात बसणारे कन्सेप्ट आधी वेगळे काढा, गुण फक्त त्यांनाच.

हा तक्ता ज्याच्या नावानं ओळखला जातो तो स्टुअर्ट प्यू हा ब्रिटिश इंजिनिअर. आधी कारखान्यांत काम करून मग तो शिकवायला गेला, ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याच्या मूळ पद्धतीत पाचपैकी गुण नव्हतेच. एक ओळखीचं डिझाइन आधार म्हणून धरायचं आणि बाकीच्यांना प्रत्येक निकषावर त्याच्यापेक्षा चांगलं, वाईट किंवा सारखं एवढंच म्हणायचं: अधिक, उणे, सेम. तुमच्याकडे आधार आयता आहे, गेल्या वर्षीची गाडी. ती तुम्ही चालवली आहे, मोडली आहे, जोडली आहे. कागदावरच्या आर्मला 'कॅम्बर कंट्रोल' (चाकाचा उभा कल सांभाळणं) ४ देण्यापेक्षा 'गेल्या वर्षीपेक्षा बरं' म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि प्यूच्या पद्धतीतली खरी मजा पुढे आहे. पहिल्या फेरीनंतर हरलेल्यांची अधिकं बघायची आणि पुढे असलेल्याची उणी त्यांनी भरून निघतात का ते पाहायचं. सेमी-ट्रेलिंग बाद झाला हे योग्यच, चाक वरखाली होताना त्याचा टो (चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा) आणि कॅम्बर दोन्ही फिरतात. पण सांधे कमी, हे त्याचं अधिक बाकी दोघांना उसनं घेता येईल का? तुझ्या आर्मला दोन आडव्या लिंक आहेत, चारही टोकांना एकाच मापाचे रॉड एंड (टोकाचे फिरते सांधे) बसले तर स्पेअरची पेटी केवढी हलकी होईल बघ. असा चौथा कन्सेप्ट निघाला तर तो कुणा एकाचा राहत नाही, हा फायदा शीटमध्ये लिहिता येत नाही एवढंच.

उरलेल्या दोघांसाठी मोजमाप करा. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना हाफ शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन किती येतो, तो तुमच्या सीव्ही जॉइंटच्या (त्या दांड्याच्या वाकणाऱ्या सांध्याच्या) मर्यादेत बसतो का, हे कॅडमध्ये एका संध्याकाळचं काम आहे. विशबोनच्या दोन आर्ममधून शाफ्ट आणि शॉक दोन्ही न्यायचे असतात, तिथं पान्याला जागा उरते का? प्लायवूड आणि पीव्हीसी पाइपचा मापात मॉकअप करा, घड्याळ लावून दोन्ही आर्म काढा-घाला. कॅप्टनच्या हातात पाना तू दे, विशबोन त्यानंच काढू दे. तुझा आर्म दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांग. स्वतः काढू नकोस, तुझा हात त्यावर बसलाय.

आता तू विचारलेलं. अंबडच्या बेंडिंगवाल्याकडे एक इंची पाइपचा डाय आहे, २९.२ मि.मी.चा नाही. तुम्ही केजसाठी (ड्रायव्हरभोवतीच्या पाइपच्या पिंजऱ्यासाठी) २९.२ बाय १.६५ ची ४१३० स्टीलची पाइप धरली आहे ना? नियमातली एक इंच व्यास, ३ मि.मी. जाडीवाली पाइप घेतली तर त्याच डायमध्ये काम होईल, पण वजन वाढेल. डाय करून घ्यायचा तर तो वेगळा पैसा आणि वेगळा वेळ, आणि तुमच्या शीटमध्ये 'आपल्याला कुठे बनवून मिळेल' ही ओळच नाही. ती घाला, आणि डिझाइन फ्रीझ करायच्या आधी मला कळव, म्हणजे बेंडिंगवाल्याला हो किंवा नाही सांगता येईल.

आईनं शेवेचा डबा भरून ठेवलाय, कुणी येणार असेल तर सांग.

तुझा,
बाबा