चित्रातली माणसं चालती हवीत

महोदय,
एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षा जवळ आल्या, की स्मरणचित्रासाठी ‘पावसाळ्यातील दृश्य’ मुलांकडून घोटून घेतलं जातं. परवा शेजारच्या मुलीने तिच्या क्लासमधली फाइल दाखवली. निळंशार आकाश, पांढऱ्या रेघांचा पाऊस, लाल-पिवळ्या छत्र्या आणि प्रत्येक माणसाला काळी आउटलाइन. लोक पळतायत, असं ती म्हणाली. मला ते फोटोसाठी उभे दिसले. छत्रीवाली बाई, दप्तरवाला मुलगा, सगळ्या मानवाकृती पाठ केलेल्या. विषय बदलला तरी माणसं तीच!

मी शिकवत असताना वर्गात जपानी चित्रकार हिरोशिगेचं 1857 सालचं ठसाचित्र लावलं होतं. शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेली सर. पलीकडचा काठ नुसता राखाडी. माणसांचे चेहरे जवळपास दिसतच नाहीत, पण त्यांची घाई लहान पोरालाही कळते. पाठी वाकलेल्या, पाय उघडे, छत्र्या डोक्यावर ओढून घेतलेल्या. डच चित्रकार व्हॅन गॉगने 1887 मध्ये तेच चित्र तैलरंगात करून पाहिलं.

आपल्या मुलांना हे जमण्यासारखं आहे. जलरंगातला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून राखाडी करावी, कागद ओला असतानाच तिने मागचे डोंगर, झाडं पुसट रंगवावीत. सुकत आला की माणसं. डोकं पावलांच्या पुढे गेलं की माणूस चालू लागतो. दोन्ही पावलं ठळक काढली की जागीच थांबतो. मागचं पाऊल पाण्याने पुसट करावं. लाल रंग एकाच छत्रीला पुरे. (जाड पोस्टर कलरमध्ये हे साधायला कठीण, आणि बरीच मुलं तेच वापरतात!)

या परीक्षा साधारण सप्टेंबरअखेर असतात, म्हणजे सराव भर पावसातच होतो. मग क्लासच्या झेरॉक्स कशाला? मुलांना वही-पेन्सिल देऊन तासभर एसटी स्टँडवर बसवावं. गाडी फलाटाला लागली की एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी धरून पळणाऱ्याचा खांदा कसा कलतो, ते तिथेच दिसतं. आम्हा कोकणातल्यांना तर लावणीच्या दिवसांत इरली पांघरून वाकलेल्या बायका शेतातच दिसतात.

पालकांची धास्ती एकच: रंग फिके दिसले तर गुण जातील. परीक्षकांनी अशा चित्राला ‘अपूर्ण’ समजू नये, एवढं या परीक्षा घेणाऱ्या कला संचालनालयाने त्यांना लेखी कळवावं.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, चिपळूण