मनगटाचं माप पाठव

सातारा, रविवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

दुपारी तू "बरं, बघतो" म्हणालास आणि फोन ठेवलास. ते "बरं, बघतो" थेट तुझ्या आजोबांचं, आबांचं आहे. ते तसं म्हणाले की समजायचं, यांनी ऐकलेलं नाही. तिथं बेळगावच्या लष्करी ट्रेनिंगमध्ये फोनला तुझ्यामागं पोरांची रांग, कुणीतरी हाका मारतंय, आणि तेवढ्यात मला तू कुठलं घड्याळ घालायचं ते सगळं सांगायचं होतं, म्हणून माझाही आवाज चढला. आई म्हणाली, लिहून कळवा. पत्राला चार दिवस लागले तरी लागू देत, मधेच कट तर होत नाही.

घड्याळाचं सांगण्याआधी एकच विचारतो. मागच्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तू डावं मनगट चोळत होतास. आईचं लक्ष नव्हतं, माझं होतं. दुखतंय का? पाचवीत जांभळीवरून पडलास ते हाड कधीच जुळलंय, भरतीच्या मेडिकलला डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पास केलंय, सगळं मला ठाऊक आहे. तरी विचारलं. आता हा विषय परत काढत नाही.

सुजितदादा स्मार्ट वॉच देतो म्हणतोय. त्याचं मन मोडू नको, पण घेऊ पण नको. एक तर त्याला सारखं चार्जिंग लागतं. पोस्टवर रात्री संतरी ड्यूटीला उभं राहायचं की प्लग शोधत फिरायचं? दुसरं म्हणजे तू कुठं पळालास, किती पळालास, हे सगळं ते उपग्रहावरून टिपून ठेवतं आणि इंटरनेटवर चढवतं. जानेवारी २०१८ मध्ये पेपरात आलं होतं ते मला पक्कं आठवतं. स्ट्राव्हा नावाच्या ॲपनं जगभरच्या पळणाऱ्या लोकांचा नकाशा टाकला होता. त्यात जिथं माणसाची वस्ती नाही अशा वाळवंटात उजळ रेघा दिसल्या. परदेशी सैनिक आपल्या तळाला वळसा घालून व्यायामाला पळायचे, त्यांच्या त्या रेघा! तळ कुठं आहे हे शत्रूला हेर न पाठवता कळलं. आपल्या लष्करानं पण २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावली होती. युनिटला गेल्यावर तुमचे साहेब काय ते सांगतीलच, पण विचारायची वेळ तरी कशाला आणायची? नोकरीत पहिल्या महिन्यात नाव कशावरून कानावर जातं, त्यावरून माणसाची किंमत ठरते. मी एकतीस वर्षं एसटीत काढली, तिथं पण तेच. वेळेवर येणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि उशिरा येणाऱ्याला कुणी विसरत नाही.

झालं, अण्णा कंट्रोलरच्या केबिनमधून माइकवर बोलायला लागले, असं म्हणत असशील. राहू दे. सवय जात नाही.

आबांच्या 'जवान' घड्याळाचं सांगतो. ते मी देत नाही म्हणून तू चिडलास. काल रात्री ते कपाटातून काढून समोर घेऊन बसलो होतो. एचएमटीचं चावीचं घड्याळ, पांढरी डायल आता चहाच्या रंगाची झालीय. बाराच्या आकड्यांच्या आत चोवीस तासांचे बारीक आकडे आहेत, त्यातला सतराचा आकडा घासून गेलाय. काट्यांतलं रेडियम काळं पडून मोठ्या काट्यातलं निम्मं गळालंय. चावी दिली की चालतं. चाळीस मिनिटं चाललं आणि थांबलं. मोती चौकातल्या घड्याळजीकडं नेलं तर म्हणाला, ऑइलिंग करून देतो, पण आतला पार्ट गेला तर जुन्याच घड्याळातला काढून घालावा लागेल. २०१६ ला तो घड्याळाचा कारखानाच बंद झाला, नवीन पार्ट कुठून आणणार?

आबा रोज सकाळी तोंड धुतलं की आधी चावी द्यायचे, मग चहा. रेडिओवर बातम्यांआधी टुक-टुक वाजायचं त्यावर काटा जुळवायचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतला माणूस, १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत जमालपूरला होता, पण त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. घड्याळाबद्दल मात्र तासभर बोलायचे. काच कायम मनगटाच्या आतल्या बाजूला. का विचारलं तर म्हणायचे, उन्हात चमकत नाही आणि रायफल धरलेली असताना हात न वळवता वेळ दिसते. पेन्शनीत आल्यावरही तसंच. तळहात वर करून वेळ बघायचे तेव्हा आजी म्हणायची, डाव्या हातानं तीर्थ घेताय काय? तू पण तसंच घाल. ही एक गोष्ट आबांची घे, घड्याळ इथंच राहू दे.

खरं सांगायचं तर पार्टचा प्रश्न नाही. कारगिलच्या वर्षी वरच्या आळीत एका घरी नुसतं घड्याळ परत आलं होतं. चालू होतं. मी तेव्हा तुझ्यापेक्षा थोडाच मोठा होतो, आबांबरोबर गेलो होतो. ते असो. तुला हे लिहायचं नव्हतं. आईला यातलं काही बोलू नको.

तर माझ्या मते दोनच घड्याळं आहेत, दोन्ही कॅसिओची. पहिलं ते साधं काळं एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून तसंच्या तसं निघतंय. वजन २१ ग्रॅम, हातात आहे हे कळत पण नाही. बॅटरी सात वर्षं चालते. म्हणजे तुझी अग्निवीरची चार वर्षं होऊन वर तीन उरतात. त्या तिनाचं आत्ता बोलायचं नाही असं आई आणि मी ठरवलंय. त्याचं उणं एवढंच की दिवा अगदी मिणमिणता, आणि पाणी पावसापुरतंच सोसतं. ते घालून नदी ओलांडायची नाही, आणि ओल्यात बटण तर दाबायचंच नाही, पाणी तिथूनच आत जातं.

दुसरं जी-शॉक, चौकोनी, डीडब्ल्यू-५६००. हे २०० मीटर पाण्याचं आहे आणि उंचावरून पडलं तरी चालू राहतं. दुकानदारानं त्याची गोष्ट सांगितली, मी घरी येऊन पिंकीच्या मोबाइलवर खात्री केली. किकुओ इबे नावाचा कंपनीतला इंजिनिअर, त्याला वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं. मग हा पठ्ठ्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या खिडकीतून घड्याळं खाली टाकून बघत बसला. सारखी फुटायची. शेवटी मशीन आत अधांतरी ठेवायची युक्ती सुचली आणि १९८३ ला ते बाजारात आलं. मी तर तुला अजून काही दिलेलंच नाही.

दोन्हींत चोवीस तासांची वेळ लावता येते, तेवढी लाव. एसटीच्या वेळापत्रकात वाढलेल्या पोराला मी काय शिकवणार, २१.३० म्हणजे काय ते तुला चौथीत येत होतं. दर तासाला वाजणारी पीक आधी बंद कर. रात्री पोस्टवर ती वाजली तर? स्टीलची चेन नको. चमकते, केस ओढते, आणि बर्फात धातू कातडीला चटका देतो. थंडीत आकडे मंद उमटतात, म्हणून बाहीच्या आत अंगाच्या उबेत ठेवायचं. पट्ट्यात एक बोट सरकेल एवढी जागा ठेव. फार आवळलं तर त्या हाडावर दाब येतो आणि

बघ, परत तिथंच आलो. पण आलोच आहे तर लिहितो. रायफल चार किलोच्या वर, तिचा पुढचा भार डाव्या हातावर. रोप चढताना, पुशअप मारताना तोच हात. दुखत असेल तर शिकवणाऱ्या उस्तादांना सांग, एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात दाखव. नुसतं दाखवल्यानं लगेच कुणी घरी पाठवत नाही. लपवल्यावर मात्र वाढतं. वाटलं तर घड्याळ उजव्या हातात घाल. पोरं हसतील, हसू देत.

मी जी-शॉकच घ्यायचं म्हणतोय. राजपथावरच्या दुकानात एक बाजूला काढून ठेवायला सांगितलंय. पैशाचं तू बोलू नको, पहिला पगार तुझ्याजवळच ठेव, आजीला साडी घेतो म्हणालास तेवढी घे. तुझं मनगट आता किती झालंय ते कळेना. इथून गेलास तेव्हा शेवटून तिसऱ्या भोकात बसायचं, आता व्हिडिओवर दंड बघून पिंकी म्हणाली, दादा ओळखू येत नाही. मला बरं वाटलं, बोललो नाही. दोरा गुंडाळून माप घे. पीटीनंतर घे, तेव्हा हात फुगलेला असतो. दोन्ही मनगटांचं घे. डाव्यावर सूज असेल तर मापात कळेल मला.

ट्रेनिंग संपतानाच्या कसम परेडला आम्ही चौघं येतोय. आईबापांना तिथं गौरव पदक लावतात असं समोरच्या सुभेदारांनी सांगितलं. आईनं तेव्हापासून दोनदा इस्त्रीवाल्याकडं साडी नेली. रात्रीची गाडी धरली तर पहाटे बेळगावात उतरू. गेटवर आधार कार्ड चालतं का, आणि आत किती वाजता सोडतात ते विचारून ठेव. आजीला तास-दोन तास उभं राहवणार नाही. तिला खुर्ची मिळेल का, हे पण विचार. नसेल मिळत तर फोल्डिंगची मी इथून घेऊन येतो, फक्त आत न्यायला देतात का ते कळव.

तुझा,
अण्णा