बिल्टीवर ड्रायव्हरच्या तासांचा रकाना हवा : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डालगत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती, लिहितो. हळद, बेदाणा, गूळ आणि हंगामात द्राक्षं. गाडी भरून होईपर्यंत ड्रायव्हर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून असतात. त्यामुळे रस्त्याच्या नियमांतलं त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, हे रोज कानावर पडतं. हे पत्र त्यातल्या एका गोष्टीसाठी आहे, आणि ती गोष्ट तुमच्या अधिकारातली आहे.

वेगमर्यादा विचारली तर बहुतेक जण चटकन सांगतात, ऐंशी. का, तर गाडीतलं मशीन ऐंशीला आवळतं. स्पीड गव्हर्नर ८० ला लावलेला असतो हे खरं, पण एप्रिल २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मालाच्या गाडीला ८० ची मुभा आहे ती फक्त द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर. पालिका हद्दीत आणि बाकी सगळ्या रस्त्यांवर ६०. महामार्ग सोडून गाडी जत-आटपाडीकडच्या दुपदरी रस्त्याला लागली की मर्यादा २० ने खाली येते, मशीन मात्र तसंच राहतं. हे त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नाही. २ ते ४ हजारांचं चलन मालकाच्या मोबाइलवर येतं, मालक ते भत्त्यातून कापतो. चूक नेमकी कुठे झाली, हे ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाही.

तरी वेगाचं निदान काहीतरी माहीत आहे. विश्रांतीचा नियम विचारा. "झोप आली की थांबायचं." "पार्टीचा फोन बंद झाला की." पार्टी म्हणजे माल मागवणारा व्यापारी. कायद्यात असं काही आहे, याचंच त्यांना नवल वाटतं. एका वयस्कर ड्रायव्हरने मला विचारलं, "हे आमच्यासाठी आहे का एसटीवाल्यांसाठी?"

त्यांच्यासाठीच आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवलं. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास थांबा, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास मालवाहतुकीच्या गाडीवरच्या माणसाला लागू केले. १९६१ चा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. जुना कायदा ५ कामगारांच्या आस्थापनेला लागू होता, संहितेने ती अट १० वर नेली. आमच्याकडचे बहुतेक गाडीमालक एक, दोन, चार गाड्यांचे धनी आहेत. म्हणून कलम ९१ मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यात मालकाकडे किती माणसं आहेत याला महत्त्व नाही, गाडी चालवणारा माणूस महत्त्वाचा आहे.

आता हिशेब पाहा. सांगलीहून दिल्ली सोळाशे किलोमीटरच्या पुढे. घाट, टोल, शहरं धरून भरलेल्या गाडीला ताशी ४० ची सरासरी पडली तरी नशीब. म्हणजे चाळीस तासांच्या वर नुसतं स्टिअरिंग. रोज ८ तासांनी पाच दिवस लागतात, १० तासांनी चार. द्राक्षाचा व्यापारी तिसऱ्या दिवशी सकाळी माल मागतो आणि उशिराला भाडं कापतो. द्राक्ष नासतं, त्याची घाई मी समजू शकतो. पण हळद नासत नाही, बेदाणा महिनोन्महिने टिकतो, तरी त्याच वेळेची सवय सगळ्यांना लागली आहे. मालासोबत लागणाऱ्या सरकारच्या ई-वे बिलाची मुदत जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस आहे. दिल्लीच्या हळदीला करखातं आठ-नऊ दिवस देतं, आणि माणसाला आम्ही अडीच दिवस देतो.

त्यात भरणीचा वेळ कुणीच धरत नाही. ड्रायव्हर सकाळपासून हमालांची वाट बघत उन्हात उभा असतो, दोरी-ताडपत्री बघतो, रात्री नऊला निघतो. कायदा म्हणतो, मालकाच्या दिमतीला असलेला वेळ हा कामाचा वेळ. म्हणजे त्याचे ८ तास यार्डातच संपलेले असतात. तिथून तासवडे, आनेवाडीचे टोलनाके करत तो खंबाटकीच्या बोगद्याला येतो रात्री एकच्या सुमाराला आणि पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापुढचा नवले पुलाचा उतार लागतो त्यानंतर, शरीर झोपेला सगळ्यात जास्त ओढतं त्याच वेळी. तिथे अपघात झाला की चर्चा होते ब्रेकची, गाडी न्यूट्रलला टाकण्याची, वेगाची. तो माणूस किती तास जागा होता, हे बातमीत क्वचितच येतं. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण ती गाडी किती वाजता भरायला लागली होती हे कुठल्या तरी बिल्टीवाल्याला ठाऊक असतं आणि त्याला कुणी विचारत नाही.

२०१८ च्या अखेरपर्यंत नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या, गाडीवर दोन ड्रायव्हर सक्तीचे होते. ती अट काढली. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकची केबिन वातानुकूलित असणं बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. पण गार केबिनमध्ये जागरण केलं म्हणून झोप भरून निघत नाही.

महोदय, कलम ९१ मध्येच राज्य सरकारला अधिकार दिला आहे की, मालकाने ड्रायव्हरचे कामाचे तास आधी ठरवावेत आणि त्यांची नोंद ठेवावी, असं बंधन घालावं. ठरलेल्या तासांबाहेर काम करायला लावणंही तिथे मना आहे. शिवाय कलम १८३ सांगतं की, वेग मोडल्याशिवाय गाठता येणार नाही अशी वेळ कुणी ठरवून दिली, तर ते फर्मानच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरू शकतं. म्हणजे दिल्लीच्या गाडीला अशी वेळ घालणाऱ्यालाही कायद्याने जबाबदार धरलं आहे. आमच्या भागात ते कलम कुणावर लावल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

माझी मागणी साधी आहे. हा अधिकार वापरा. गाडी सुटण्याआधी बिल्टीवर चार गोष्टी लिहिणं सक्तीचं करा : ड्रायव्हर भरणीला किती वाजता हजर झाला, किती वाजता सुटला, पहिला थांबा कधी आणि कुठे, पोहोचण्याची वेळ कोणी ठरवली. मागच्या बाजूला मराठी आणि हिंदीत ८ तास, ५ तास, अर्धा तास, ९ तास आणि रस्त्यागणिक ८० व ६० एवढं ठळक छापा. आम्ही वजन लिहितो, नग लिहितो, जीएसटी क्रमांक लिहितो. यालाही दोन मिनिटांच्या वर लागणार नाहीत. फास्टॅगमुळे प्रत्येक टोलची वेळ नोंदलेलीच असते, ताडून बघायला नवं यंत्र लागणार नाही. आणि नोंद खोटी निघाली तर पहिली नोटीस मालकाला आणि पार्टीला जाऊ दे. ती ड्रायव्हरच्या भत्त्यावर येणार असेल, तर तो आमच्यासमोरच खोटी वेळ लिहून देईल.

थांबा लिहिला तर थांबायला जागाही हवी. शिरवळपासून पेठ नाक्यापर्यंत दिवा, पाणी, संडास आणि पहारा असलेले ट्रकतळ करा. आज डिझेल आणि माल चोरीला जाईल या धास्तीने माणूस केबिनमध्ये एक डोळा उघडा ठेवून पडतो, आणि हॉटेलवाला जेवण झालं की गाडी काढायला लावतो.

द्राक्षाचा हंगाम जानेवारीत सुरू होतो. त्याआधी हा आदेश निघाला, तर पहिल्या गाडीच्या बिल्टीपासून तो रकाना भरायला मी तयार आहे. नमुना लागत असेल तर आमच्या यार्डातल्या बिल्टीवाल्यांना बोलवा, आम्ही बसून तयार करून देऊ.

कळावे,

आपला,
एक बिल्टी लिहिणारा, मार्केट यार्ड, सांगली