क्लिनिकल रिसर्चच्या प्रशिक्षणाविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी क्लिनिकल रिसर्चचे, म्हणजे औषधे माणसांवर तपासण्याच्या संशोधनाचे, प्रशिक्षण घेत असल्याचे कळवल्यापासून तुम्हा दोघांना दोन वेगवेगळ्या शंका सतावत आहेत. आईला वाटते की आपली मुलगी माणसांवर प्रयोग करणार; बाबांना वाटते की फार्मसीची पदवी घेऊनही ती शेवटी फायलीच सांभाळणार. फोनवर नीट सांगणे जमले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझ्या मते दोन्ही शंकांना एकच उत्तर आहे: ज्या माणसावर औषध तपासले जाते, त्याच्या रक्षणासाठीच त्या फायली असतात.

आई, तुझी भीती निराधार नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यसेवेने शेकडो गरीब कृष्णवर्णीय पुरुषांमधील सिफिलिस या लैंगिक संसर्गाच्या आजाराचा केवळ अभ्यास चालवला. त्यांना आजाराची खरी माहिती दिली नाही आणि पेनिसिलिन हे खात्रीचे औषध हाताशी आल्यावरही ते दिले नाही. माणसांवरील प्रयोगांचे नियम सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ मध्ये आली, जिचे पहिलेच कलम व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक मानते, आणि डॉक्टरांसाठी अशा संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ मध्ये आला. तरीही टस्कीगीचा तो अभ्यास चालूच राहिला. तत्त्वे जाहीर करून भागत नाही, ती पाळली गेली की नाही हे बाहेरच्या माणसाला तपासता आले पाहिजे. म्हणूनच आता सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी घेणाऱ्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीखेरीज चाचणी सुरू करता येत नाही आणि १९९६ साली तयार झालेल्या ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा (जिची पुढे सुधारित रूपेही आली) आमच्या अभ्यासक्रमात सर्वांत मोठा वाटा आहे.

मला सर्वांत अवघड गेलेला विषय संमतीचा. सही घेणे सोपे असते, पण चाचणीसाठी म्हणून रक्ताचा पहिला थेंब काढण्याआधी समोरच्या माणसाला हे समजले पाहिजे की कदाचित त्याला नवे औषध मिळणारच नाही, कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल, आणि डबल-ब्लाइंड चाचणीत त्याला व त्याच्या डॉक्टरांनाही तो गट माहीत नसेल. तो कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडत नाही. वाचता न येणाऱ्या व्यक्तीशी बोलताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण संभाषणाला हजर असावा लागतो. एवढे करूनही अनेक रुग्ण असे धरून चालतात की डॉक्टर सांगत आहेत म्हणजे ते आपल्यासाठी उत्तमच असणार. प्रत्यक्षात चाचणी ही पुढच्या रुग्णांसाठी उत्तर शोधत असते, आणि हा फरक रुग्णाचा विश्वास न दुखावता सांगणे हे खरे कौशल्य आहे. ते पुस्तकातून येईल असे मला वाटत नाही.

बाबा, आता तुमच्या फायली. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे आमच्याकडे मानले जाते. नोंद चुकली तर व्हाइटनर चालत नाही; मूळ अक्षरे वाचता येतील अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती, तारीख, सही आणि गरज असेल तेथे कारण लिहावे लागते. हे तुम्हाला निव्वळ कारकुनी वाटेल, पण रक्तदाबाचा एक आकडा गुपचूप बदलला तर औषधाचा दोष झाकला जाऊ शकतो. तसेच सहभागी व्यक्तीला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर कारण औषध नसून जिन्यावरून पडणे असले तरी ती घटना गंभीर म्हणूनच नोंदवली जाते, आणि बहुतेक चाचण्यांत ती २४ तासांच्या आत प्रायोजकाला, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीला किंवा संस्थेला, कळवावी लागते. संबंध आहे की नाही, हे नंतर ठरते. एका केंद्रावर योगायोग वाटणारी गोष्ट अनेक केंद्रांच्या नोंदी एकत्र आल्यावर वेगळी दिसू शकते.

पुढे काय, असेही तुम्ही विचारले होते. डेटा मॅनेजमेंट, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारे फार्माकोव्हिजिलन्स, मेडिकल रायटिंग अशा बऱ्याच वाटा आहेत. बरोबरीच्या बहुतेकांना केंद्राकेंद्रावर जाऊन नोंदी तपासणारे मॉनिटर व्हायचे आहे. मी मात्र आधी रुग्णालयात स्टडी कोऑर्डिनेटर, म्हणजे चाचणीचे रोजचे काम आणि नोंदी सांभाळणारी व्यक्ती, म्हणून काम करावे अशा विचारात आहे, कारण ज्या नोंदी मॉनिटर तपासतो त्या जिथे तयार होतात, तिथे आधी बसलेले बरे.

सोबत सरावासाठी मी लिहिलेल्या एका काल्पनिक चाचणीच्या संमतीपत्राची प्रत जोडली आहे. तुम्ही दोघांनी ती एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे वाचावी आणि जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने खूण करून परत पाठवावी. आई, तुझ्या खुणा जास्त आल्या तर मला जास्त उपयोग होईल.

तुमची,
लेक